रंगीत काचेच्या फोटोत दिसणारा डाग प्रतिबिंब आहे की सावली, हे कसं ओळखायचं?

कॅमेरा जागेवरून थोडा बाजूला सरकवा आणि डागाकडे बघत राहा. डाग तुमच्याबरोबर काचेवरून सरकला तर ते प्रतिबिंब. टेबलावरची सावली मात्र तुम्ही कुठूनही बघा, जागा सोडत नाही. दिवा किंवा काच हलवली तरच हलते.

रंगावरूनही बरंच कळतं. निळ्या बाटलीमागे टेबलावर पडलेली सावली निळसर असते, कारण तिथे पोचलेला प्रकाश काचेतून गाळून आलेला असतो. पण बाटलीच्या पुढच्या पृष्ठभागावर चमकणारी खिडकी पांढरीच दिसते, तो प्रकाश काचेत शिरलेलाच नसतो. मागच्या पृष्ठभागावरून परतलेलं दुसरं, फिकं प्रतिबिंब मात्र निळं असतं. इथेच बहुतेकांची गल्लत होते. दुसरी गल्लत काळ्या डागांची: काळा डाग म्हणजे सावलीच असं नाही, तो तुमच्या काळ्या कॅमेऱ्याचं प्रतिबिंबही असू शकतो. समोर पांढरा कागद धरा, डाग उजळला तर खात्री पटेल.

पोलरायझिंग फिल्टर (लेन्सवर लावायची, चमक कमी करणारी काच) असेल तर फिरवून बघा. सपाट काचेच्या पृष्ठभागाशी साधारण ३४ अंशांच्या कोनातून प्रतिबिंब जवळजवळ नाहीसं होतं, सावली आहे तशीच राहते. अगदी समोरून फोटो काढताना या फिल्टरचा उपयोग नाही. तेव्हा कॅमेऱ्याभोवती काळं कापड लावणंच उत्तम.