डेन्मार्कला येताय? आधी जागा मोजा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: पुण्यात स्ट्रक्चरल बायॉलॉजीत (प्रथिनांसारख्या रेणूंच्या रचनांचा अभ्यास) पीएचडी झाली, डेन्मार्कमधल्या आर्हुसहून दोन वर्षांच्या पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या मुदतीच्या संशोधक-नोकरीची, ऑफर हातात आहे, बायको डेंटिस्ट, मुलगी चार वर्षांची. तिकडे आलो तर पुढे कायमची प्राध्यापकी मिळण्याची शक्यता किती, आणि नाही मिळाली तर काय?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमचं तुम्हालाच काढता येईल, संध्याकाळभराचं काम आहे. डेन्मार्कची लोकसंख्या साठ लाख, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहून कमी. विद्यापीठं आठ. त्यातलं एक कॉमर्सचं, एक आयटीचं, रोस्किल्डे लहान. तुमच्या विषयासाठी उरली पाच: कोपनहेगन, आर्हुस, ओडेन्स, ऑल्बोर्ग आणि कोपनहेगनजवळचं तंत्रविद्यापीठ डीटीयू. आता या पाचांच्या विभागांची पानं उघडा आणि तुमच्याच पोटविषयातले लेक्टर (कायम जागेवरचे असोसिएट प्रोफेसर) आणि प्रोफेसर मोजा. प्रत्येकाच्या नावापुढे त्याचं पीएचडीचं साल लिहा. मी हे केलं तेव्हा माझ्या विषयात अकरा नावं निघाली आणि पुढच्या दहा वर्षांत निवृत्तीला येतील असे त्यात दोन होते. त्या दोन जागांपैकी एक दुसऱ्याच विषयाला गेली. मोठ्या देशात एक दार बंद झालं तर शेजारच्या गावात दुसरं असतं. इथे शेजारचं गाव म्हणजे दुसरा देश.

मी हे केलं, पण सातव्या वर्षी. ते पहिल्या वर्षी करायला हवं होतं, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

मी २०१३ साली कोपनहेगनला पोस्टडॉक म्हणून आले. दोन वर्षांनी आर्हुसला दुसरा पोस्टडॉक, मग एका विद्यापीठात चार वर्षं अॅडजंक्ट, म्हणजे इथला असिस्टंट प्रोफेसर. हा शब्द फसवा आहे. आपल्याकडे असिस्टंट प्रोफेसर झालं की गंगेत घोडं न्हालं. इथला साधा अॅडजंक्ट मुदतीचा असतो: चार वर्षं शिकवा, शिकवण्याचा अभ्यासक्रम पूर्ण करा, आणि शेवटी लेक्टरच्या जागेची जाहिरात निघाली तर इतरांसारखा अर्ज करा. 'टेन्यूर ट्रॅक' (कायम जागेकडे नेणारी वाट) असं कागदावर स्पष्ट लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे शेवटी तुमचं मूल्यमापन होऊन लेक्टरपद मिळू शकतं. जाहिरातीत ते दोन शब्द आहेत की नाहीत एवढं वाचायला मी विसरले होते. आणि लेक्टरपद 'कायम' म्हणजे सहसा काढता न येणारं अमेरिकन टेन्यूर नव्हे. २०१६ मध्ये सरकारने हात आखडता घेतल्यावर कोपनहेगन विद्यापीठाने पाचशेहून अधिक पदं कमी केली.

माझी जागा गेली कशी, तेही सांगते. जाहिरात निघाली, मी अर्ज केला. इथे प्राध्यापकीच्या अर्जांवर एक मूल्यमापन समिती बसते, त्यात बाहेरचे लोक असतात, आणि समिती तुमच्याविषयी काय म्हणते ते तुम्हाला लेखी मिळतं. ही पद्धत मला मनापासून आवडते. तीन-चार पानं, प्रत्येक पेपरमध्ये तुमचा वाटा काय, कुठे कमी पडलात, सगळं. माझ्या अहवालाच्या शेवटी 'पात्र' लिहिलं होतं. फक्त 'पात्र' आणखी चौघं होते, आणि पात्र लोकांतून कोणाला घ्यायचं ते विभागप्रमुख ठरवतात. ज्याला घेतलं त्याच्याकडे चार वर्षांची ग्रँट होती, माझ्याकडे नव्हती. अन्याय झाला असं मी तेव्हा दोन महिने म्हणत होते. आता म्हणत नाही. पण चार वर्षांत मला कोणी बाजूला घेऊन 'बाई, ग्रँट आण, बाकी सगळं दुय्यम आहे' असं सांगितलं नाही, हा राग अजून आहे. डॅनिश माणूस तोंडावर कडू बोलत नाही, गोडही बोलत नाही. 'रोमांचक काम आहे' असं तो म्हणाला तर त्याचा अर्थ ऐकलं एवढाच.

तेव्हा पैसा कुठून येतो ते समजून घ्या, कारण जागा त्याच्या मागून येते. सरकारी संशोधन-निधी डीएफएफ आहे, युरोपची संशोधन परिषद ईआरसी आहे, पण जीवशास्त्रात इथे वजन खाजगी फाउंडेशनांचं: नोवो नॉर्डिस्क, लुंडबेक, विलुम, कार्ल्सबर्ग. होय, बिअरवालं कार्ल्सबर्ग. १९०९ मध्ये आम्लता मोजायची पीएच मोजपट्टी त्यांच्याच प्रयोगशाळेत जन्मली. लहान देश सगळ्यात थोडं थोडं करत नाही, दोन-चार गोष्टी खोल करतो. आर्हुसमध्ये येन्स स्काऊ यांनी १९५७ मध्ये पेशीतला सोडियम-पोटॅशियम पंप शोधला, १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि आजही आर्हुसमध्ये त्याच पंपाच्या भावंडांच्या रचना सोडवणारे गट आहेत. तुमचं काम मेम्ब्रेन प्रोटीनवर, म्हणजे या पंपासारख्या पेशीच्या पडद्यातल्या प्रथिनांवर, असेल तर तुम्ही पंढरीतच येताय. नसेल तर विचार करा, कारण इथे नवा विषय रुजायला त्यासाठी पैसा देणारं कोणीतरी आधी लागतं.

वर्तुळ लहान असण्याची दुसरी बाजू म्हणजे भावकी. परीक्षक कोण असेल, कोणाचा विद्यार्थी कोणाकडे गेला, कोणाचं कोणाशी वाजलं, सगळं सगळ्यांना ठाऊक असतं. हितसंबंध टाळायला परीक्षक परदेशातून बोलावतात, तरी बातमी फिरते. म्हणून पहिल्या गटातून भांडून बाहेर पडू नका. पाचच घरं आहेत, त्यातलं एक बंद झालं म्हणजे वीस टक्के देश बंद झाला.

एक गंमत. हा देश आपली स्वतःची मुलंही बाहेर पाठवतो. पीएचडी करतानाच त्यांना काही काळ दुसऱ्या, शक्यतो परदेशी, प्रयोगशाळेत राहावं लागतं, आणि पोस्टडॉकला बाहेर न गेलेल्या डॅनिश उमेदवाराकडे समित्या जरा संशयानेच बघतात. ती मुलं बोस्टनला नाहीतर केंब्रिजला जातात, त्यांच्या बाकांवर आपण येऊन बसतो. पाच वर्षांनी लेक्टरच्या जाहिरातीला तीच मुलं परत येतात, घर, भाषा आणि आजी-आजोबा इथेच असलेली. आपले खगोलभौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर १९३२-३३ मध्ये कोपनहेगनला नील्स बोर यांच्या संस्थेत येऊन राहिले, पीएचडी केंब्रिजची घेतली आणि १९३७ मध्ये शिकागोला गेले. येणाऱ्या-जाणाऱ्यांवरच त्या संस्थेचं नाव मोठं झालं. हा देश मुक्कामाला उत्तम आहे, शंभर वर्षांपासून. घर करायचं असेल तर वेगळी तयारी लागते.

आता पोस्टडॉकचं गणित. एकाच विद्यापीठात पोस्टडॉक म्हणून जास्तीत जास्त चार वर्षं राहता येतं. तुमची दोन वर्षं म्हणजे प्रत्यक्षात एक पेपर आणि एक ग्रँटअर्ज. तो अर्ज पहिल्या सहा महिन्यांत लिहायला लागा. पगार महिन्याला साधारण चाळीस हजार क्रोनरच्या आसपास, वर सतरा-अठरा टक्के पेन्शन. बाहेरून आलेल्या संशोधकांसाठी करसवलतीची योजना आहे: आधी ८ टक्के श्रमबाजार-वर्गणी, उरलेल्यावर २७ टक्के कर, मिळून ३२.८४ टक्के, सात वर्षांपर्यंत. अट अशी की आधीच्या दहा वर्षांत तुम्ही इथे करपात्र नसावं. म्हणजे इथेच पीएचडी केलेल्याला ती मिळत नाही, तुम्हाला मिळायला हरकत नाही. ती आपोआप लागू होत नाही, पहिल्या पगाराआधी मनुष्यबळ विभागाच्या मागे लागा.

येण्याआधी हातात पैसे ठेवा. घरमालक तीन महिन्यांचं डिपॉझिट आणि तीन महिन्यांचं भाडं आगाऊ मागू शकतो. दहा हजारांचं घर धरलं तर पहिल्या महिन्यासह सत्तर हजार क्रोनर, आपले नऊ-दहा लाख रुपये. आणि त्या पत्त्यावर सीपीआर (इथला नागरी ओळख क्रमांक, आपल्या आधारसारखा) नोंदणी होते का ते आधी विचारा. सीपीआर नंबर नाही म्हणजे बँक नाही, डॉक्टर नाही, मुलीची बालवाडी नाही. बालवाडीची काळजी करू नका, पालकांना जास्तीत जास्त पाव खर्च द्यावा लागतो, आणि सहा महिन्यांत ती तुमचे डॅनिश उच्चार सुधारू लागेल.

तुमच्या बायकोविषयी मात्र तुम्ही एकच ओळ लिहिलीत, 'तिचं बघू' अशी. माझ्या मते हाच सगळ्यात मोठा प्रश्न आहे. तुमच्या परमिटवर तिला काम करायला वेगळी परवानगी लागत नाही, हे खरं. पण डेंटिस्ट म्हणून नव्हे. भारतीय पदवीवर इथे दात काढायचा तर डॅनिशची वरची परीक्षा, व्यवसायाच्या परीक्षा आणि मग परवाना, असा काही वर्षांचा रस्ता आहे. दोन वर्षांच्या करारावर तिने त्या रस्त्याला लागायचं का, हे तिने ठरवायचं, आणि विमानाचं तिकीट काढण्याआधी ठरवायचं. माझे मिस्टर सिव्हिल इंजिनिअर. पहिली दोन वर्षं घरी होते, सायकलवरून भाषाशाळेत जायचे. डॅनिशचे वर्ग जवळजवळ मोफत असतात, साधारण दोन हजार क्रोनर अनामत, परीक्षा पास झालात की परत. मी प्रयोगशाळेत इंग्रजीवर निभावत होते, ते बेकरीत डॅनिशवर. चौथ्या वर्षी त्यांना नगरपालिकेत कायमची नोकरी लागली. आम्ही इथे राहिलो ते त्यांच्या नोकरीमुळे, माझ्या पेपरांमुळे नव्हे.

तुम्हीही डॅनिश पहिल्या महिन्यापासून शिका. प्रयोगशाळेत कोणी मागणार नाही, म्हणूनच राहून जातं. पण बॅचलरचे वर्ग डॅनिशमध्ये, विभागाच्या बैठकांचे कागद डॅनिशमध्ये, आणि कायमच्या वास्तव्यासाठी परीक्षाही. त्याला साधारण आठ वर्षं लागतात, सगळ्या जास्तीच्या अटी पुऱ्या केल्या तर चार. शिवाय मागच्या चार वर्षांत साडेतीन वर्षं नोकरी हवी. दोन पोस्टडॉकच्या मध्ये आठ महिने रिकामे गेले की गणित बिघडतं. आणखी एक, जे मला फार उशिरा कळलं: डेन्मार्क युरोपीय संघात असला तरी स्थलांतराच्या बऱ्याच नियमांतून बाहेर आहे. इथे ब्लू कार्ड (संघाचा उच्चशिक्षितांसाठीचा कामाचा परवाना) नाही, आणि इथली वर्षं संघाच्या दीर्घकालीन वास्तव्याच्या दर्जासाठी धरत नाहीत. कोपनहेगनच्या पुलापलीकडे स्वीडनमध्ये लुंडला सिंक्रोट्रॉन (रेणूंच्या रचना बघायला लागणारं प्रखर क्ष-किरणांचं यंत्र) आहे, पण डॅनिश परमिटवर तिथे नोकरी करता येत नाही.

प्राध्यापकी नाही झाली तर? उद्योग. मी आता एका कंपनीत प्रोटीन शुद्ध करते आणि बरी आहे. इन्सुलिन, एन्झाइम, औषधं, या देशाचा हा धंदा शंभर वर्षांचा आहे. पण इथेही तेच, घरं मोजकी. सप्टेंबर २०२५ मध्ये नोवो नॉर्डिस्कने जगभरात नऊ हजार पदं कमी करायचं जाहीर केलं, त्यातली पाचएक हजार डेन्मार्कमधली. मोठ्या देशात ती बातमी असते. इथे प्रत्येक जाहिरातीला अचानक दुप्पट अर्ज येतात, आणि त्यातले निम्मे तुमच्या ओळखीचे.

भारतात परतायचं म्हणत असाल तर तो दरवाजाही आपोआप उघडा राहत नाही. परतणाऱ्यांसाठी रामानुजन, रामलिंगस्वामी अशा फेलोशिप आहेत, त्यांच्या वयाच्या अटी आजच बघून ठेवा. दुसऱ्या पोस्टडॉकमध्ये शिरताना मी त्या बघितल्या नाहीत, बघितल्या तेव्हा उशीर झाला होता.

मी तुमच्या जागी असते तर ऑफर घेतली असती. फक्त 'हो' कळवण्याआधी प्रोफेसरांना तीन गोष्टी मेलवर विचारल्या असत्या. पगार कुठल्या ग्रँटमधून आहे आणि ती कधी संपते? इथली मोठी संशोधन केंद्रं दहा वर्षांनी बंद होतात आणि नवव्या वर्षी आलेला माणूस मोकळा होतो. मागचे तीन पोस्टडॉक आज कुठे आहेत? आणि माझ्या नावाने ग्रँटअर्ज करायला मोकळीक आहे का? तिसऱ्याचं उत्तर 'नंतर बोलू' आलं तर त्याचा अर्थ नाही. आणि रुजू व्हायची तारीख नोव्हेंबरची देत असतील तर मार्च मागून घ्या. नोव्हेंबरात दुपारी चारला अंधार पडतो, आणि घर शोधत हिंडायचं तर ते उजेडात बरं.