वाचकांचे प्रश्न : राजाच्या गालावरचा डोंगर

ऑनलाइन लिलावात नहपानाचं चांदीचं नाणं घेतलं. राजाच्या गालावर तीन कमानींच्या डोंगरासारखं काहीतरी उमटलंय. विकणारा म्हणाला, टांकसाळीतली चूक आहे, असं नाणं फार दुर्मिळ, म्हणून दुप्पट भाव लावला. खरं आहे का?
– एक वाचक, ठाणे

भावाच्या बाबतीत तुम्हाला टोपी घातली, एवढं आत्ताच सांगते. टांकसाळीत कुणाची काही चूक झालेली नाही. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरात या क्षत्रप घराण्यातल्या नहपान राजाचा पाडाव केला आणि त्याची नाणी वितळवत न बसता त्यांच्यावरच आपला ठसा ठोकून ती पुन्हा चालवली. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि त्याखाली नागमोडी रेघ. दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिकच्या खुणेच्या चार टोकांना चार वर्तुळं. आम्ही याला पुनरंकित नाणं म्हणतो.

दुर्मिळ म्हणाल तर १९०६ साली सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला सापडलेल्या साठ्यात १३,०००हून जास्त नाणी होती आणि त्यातल्या ९,०००हून जास्त नाण्यांवर सातकर्णीचा ठसा होता. म्हणजे त्या साठ्यात ठसा नसलेलीच कमी! नाशिकच्या लेण्यातल्या शिलालेखात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाला, म्हणजे याच सातकर्णीला, क्षहरातांचा वंश निःशेष करणारा म्हटलंय. आई मुलाचं कौतुक करणारच, पण इथे तिच्या बोलण्याला हजारो नाण्यांची साक्ष आहे.

आता खरं-खोटं. वजन साधारण दोन ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. मग भिंग घेऊन डोंगराच्या कडेकडेने बघा. खऱ्या नाण्यात नवा ठसा बसला तिथे जुना चेहरा चेपलेला असतो, पण ठशाच्या बाहेर नहपानाचं नाक, केस किंवा ग्रीक अक्षरांचे तुकडे डोकावतात. मागच्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी या जुन्या लिपींत ‘राञो क्षहरातस नहपानस’, म्हणजे क्षहरात राजा नहपानाचं. हे सगळं एका नाण्यावर पूर्ण क्वचितच दिसतं, एखादं अक्षर सापडलं तरी दिवस सार्थकी लागतो. ओतीव नकलेत मात्र जुनं आणि नवं दोन्ही सारखंच गुळगुळीत, साबणाच्या वडीसारखं येतं, पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांचे बारीक खड्डे असतात आणि कडेला साच्याची रेघ राहते किंवा ती कानशीने घासलेली दिसते. तुम्ही दोन्ही बाजूंचे फोटो पाठवलेत, कडेचा नाही. सगळेच राजाचं तोंड पाठवतात, मला कड हवी असते!

आणखी एक. तुमच्याकडचा राजा तरुण दिसतोय, मित्राकडचा म्हातारा, म्हणून घाबरू नका. नहपानाच्या नाण्यांवरचे चेहरे एकमेकांशी जुळत नाहीत, हे जोगलटेंभीचा साठा तपासणाऱ्या स्कॉट यांच्याही लक्षात आलं होतं.

वडिलांच्या संग्रहात सातवाहनांची शिशाची नाणी आहेत, एकावर सोंड वर केलेला हत्ती. पांढरी भुकटी धरलीय. चिंच-मिठाने घासू का?
– एक वाचक, चिपळूण

अजिबात नको. चिंच देवघरातल्या तांब्यासाठी ठेवा. शिसं मऊ, त्याला आंबट लागलं की हत्ती गेलाच म्हणून समजा. मुळात ती भुकटी आंबटपणानेच येते. नाणी प्लायवूडच्या कपाटात किंवा नव्या लाकडी पेटीत असणार. लाकडातून आणि त्याच्या गोंदातून आम्लाची वाफ निघत राहते आणि कोकणातला पावसाळा तिला हातभार लावतो. नाणी तिथून बाहेर काढा, पॉलिस्टरच्या पारदर्शक पाकिटात घाला आणि सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवा. मऊ पीव्हीसीचे अल्बम नकोत, त्यांनी तांब्याच्या नाण्यांवर हिरवा चिकट थर येतो. भुकटी विषारी असते, तेव्हा हात साबणाने धुवा आणि मुलांना लांब ठेवा. घासून चकाकणारं जुनं नाणं पाहिलं की मला तरी रडू येतं.

शेत सपाट करताना मडकं फुटलं, आत नाणी निघाली. भाऊ म्हणतो, सोनाराकडे नेऊन वाटून घेऊ.
– एक वाचक, नेवासे तालुका

भावाला थांबवा. १८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेला, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ऐवज सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. तलाठ्याला सांगून सुरुवात करा, पण लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. लपवलंत तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सरकारने नाणी घेतली तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश मिळतो. हा मोबदला तुटपुंजा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. याच पायी कितीतरी मडकी मुशीत गेली असतील. तरीही कळवाच, कारण तुमच्या हातात नाण्यांपेक्षा मोठी गोष्ट आहे: कुठली नाणी कुठल्या नाण्यांबरोबर, कशात आणि किती खोल पुरली होती, ही माहिती. जोगलटेंभीची नाणी एकत्र राहिली म्हणून तर दोन राजांचा मागचा-पुढचा क्रम कळला. तीच सुटी बाजारात आली असती तर आज चांदीच्या भावाने तोलत बसलो असतो. माती धुऊ नका, मडक्याची खापरंही गोळा करून ठेवा, खड्ड्याचा फोटो काढा. आणि तिथे पुन्हा नांगर घालू नका.

मुलगा न्यू जर्सीत असतो. त्याच्या लग्नात एक प्राचीन नाणं भेट द्यायचं आहे. एकच आहे, खिशातून नेलं तर चालेल ना?
– एक वाचक, पुणे

नाही. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे १०० वर्षांपलीकडचं नाणं ही पुरावस्तू, आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. एक असो की हजार. विमानतळावर बॅग उघडली तर लग्न राहील बाजूला. नाण्याच्या दोन्ही बाजूंचे मोठे फोटो काढून चौकटीत बसवून द्या. त्याला कुणाची हरकत नाही.