डाव मांडताना: काळा बाजार दुकानासारखा वाटतो, काय करू?

प्रश्न: दादा, आम्ही पाच जण शनिवारी रात्री सायबरपंक रेड हा टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायचा रोल-प्लेइंग गेम खेळतो, जीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा गेम मास्टर, मी असतो. काळ्या बाजाराचा सीन आला की प्लेयर्स लगेच रूलबुकातली किमतींची लिस्ट उघडतात, एक असॉल्ट रायफल, दोन ग्रेनेड, पैसे वजा, चला पुढे. मी निऑन, पाऊस, धूर सगळं वर्णन करतो तरी ते दुकानच वाटतं. – एक वाचक, नाशिक

उत्तर: निऑन आणि पाऊस जरा बाजूला ठेव. आधी हे बघ की हा बाजार मुळात भरतोच कशाला, कारण रेडच्या जगात त्याचं कारण एकदम पक्कं दिलेलं आहे आणि बरेच जीएम ते वापरतच नाहीत. साल २०४५. चौथं कॉर्पोरेट युद्ध होऊन गेलंय, २०२२ च्या डेटाक्रॅशमध्ये जगभरचं जुनं नेट बसलं ते बसलंच, २०२३ मध्ये गेममधल्या मुख्य शहराच्या, नाइट सिटीच्या, मधोमध अणुबॉम्ब फुटला. म्हणजे घरबसल्या ऑर्डर टाकायची सोय नाही, जहाजांची वाहतूक विस्कटलेली, माल येतो तो नोमॅड, म्हणजे भटक्या टोळ्यांच्या, ट्रकमधून, आणि तो कुठल्या रात्री कुठे उघडायचा हे फिक्सर, म्हणजे सौदे जुळवणारे दलाल, ठरवतात. असं ते नाइट मार्केट, रात्री भरतं आणि सकाळी जागा रिकामी.

मग रायफल ५०० युरोबक्सला (हे गेममधलं चलन) आहे हे पुस्तकात लिहिलेलं असू दे की, आज रात्री रायफल आलीये का हा खरा प्रश्न आहे. म्हणून लिस्ट टेबलावर ठेवूच नको. ट्रकमधून काय उतरलं ते तू आधी लिहून ठेव आणि ते विचित्र असू दे. उदाहरणार्थ एका कंटेनरमध्ये फक्त डावे सायबर हात, एकाच मापाचे, उजवा एकही नाही. शेजारी कुठल्यातरी हॉस्पिटलचा फ्रीज, औषधांसकट, आणि तो चालू ठेवायला लागणारी वीज जनरेटरवाला बल्बमागे पैसे घेऊन सगळ्यांना विकतोय. आता प्लेयर्स आपोआप विचारायला लागतील की हे सगळे डावे हात आले कुठून, उजवे कुणाकडे गेले, आणि तुझा पुढचा सेशन तिथेच तयार झाला.

दुसरी गोष्ट ओळखीची, आणि मला विचारशील तर काळ्या बाजाराचा सगळा जीव हिच्यातच आहे. पैसे काय, कुणीही घेऊन येईल. पण दारावरचा माणूस विचारतो, कुणाच्या नावावर आलात? ज्याचं नाव सांगाल तो तुमचा जामीन, तुम्ही काही घाण केली की भरपाई त्याने द्यायची आणि मग तो तुम्हाला शोधत येणार. टीममध्ये फिक्सर असेल तर त्याचा ऑपरेटर रँक, म्हणजे त्याच्या ओळखींची पातळी, फक्त फाशांच्या रोलमध्ये जमा करायचा आकडा समजू नको, त्या रँकमागे किती लोक त्याच्या शब्दावर उधार देतात ते एकदा त्याच्याकडूनच वदवून घे, नावांसकट.

घासाघीस कशी करायची यासाठी तर आपल्याकडेच भारी गोष्ट आहे. आपल्या बैलबाजारात रुमालाखाली किंवा उपरण्याखाली हात धरून बोटांनी भाव ठरवायची रीत होती, आजूबाजूला दहा माणसं उभी असली तरी आकडा फक्त त्या दोघांनाच कळणार. शेतमालाच्या बाजारात याला हत्ता पद्धत म्हणायचे आणि शेतकऱ्याला फसवायला ती फार सोपी म्हणून तिच्या जागी उघडा लिलाव आणला गेला. गेममध्ये नेमकं तेच हवंय! प्लेयरने चिठ्ठीवर आकडा लिहून तुला द्यायचा, तू तुझा लिहून परत द्यायचा, बाकीच्यांनी बघायचं नाही. ट्रेडिंग, म्हणजे घासाघीशीच्या कौशल्याचा, रोल शेवटी कर, आधी नको. टीमच्या पैशातून नक्की किती गेले हे एकालाच माहीत असलं की पुढचं भांडण प्लेयर्स स्वतःच करतात, तुला काही करावं लागत नाही.

आणि माल ताब्यात घ्यायला हवालावाल्यांची खूण वापर. तिथे नोटेचा नंबर आधी कळवलेला असतो, ती नोट दाखवेल त्याला रक्कम मिळते, नाव-गाव कुणी विचारत नाही. प्लेयरच्या हातात अशी एक जुनी नोट दे आणि सांग की उद्या रात्री ही दाखवली की पेटी मिळेल. ती नोट चोरीला गेली, भिजली किंवा कुणी न बघता चहाला खर्च केली की झालं.

प्रश्न: दादा, आमचं सेटिंग आमचंच आहे, एका बंदरातलं. त्यात रिपरडॉक, म्हणजे शरीरात सायबर अवयव बसवणारा डॉक्टर, आहे पण प्रत्येक वेळी तो रक्ताने माखलेला वेडा डॉक्टर होतो आणि मला ते पटत नाही. – एक वाचक, मडगाव

उत्तर: ताई, तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे. हाँगकाँगच्या काउलून वॉल्ड सिटीबद्दल वाचा, १९९३-९४ मध्ये पाडली ती. जेमतेम २.६ हेक्टर जागा, १९८७ च्या गणतीत तिथे सुमारे ३३,००० माणसं राहत होती, गल्ल्या इतक्या अरुंद की वरच्या पाइपांतून गळणाऱ्या पाण्यामुळे लोक भर दुपारी छत्री घेऊन चालायचे. तिथे लायसन्स नसलेले डेंटिस्ट भरपूर होते. पण त्यातले बरेचसे चीनमध्ये रीतसर शिकून आलेले, फक्त त्यांची पदवी हाँगकाँगमध्ये चालत नव्हती! फी कमी म्हणून बाहेरचे लोकसुद्धा तिथे दात दाखवायला जायचे.

तुमचा रिपरडॉक असाच असू दे. हाताने चांगला, कागदाने बाद. तो कुठे शिकला, तिथून का निघाला, आणि कागद परत मिळावेत म्हणून तो काय काय करायला तयार होईल एवढं ठरवा. खोलीत रक्त नको, उलट झाडून-पुसून स्वच्छ ठेवा, अवजारं प्रेशर कुकरमध्ये उकळतायत, तिसरी शिट्टी झाल्याशिवाय तो कुणाला हात लावत नाही. कमतरता दाखवायची तर भुलीच्या औषधाची दाखवा, सुट्ट्या भागांची दाखवा. जुना हात बसवताना त्यावरचा सिरियल नंबर तो मोठ्याने वाचतो आणि वहीत लिहितो, कारण आधीच्या मालकाचं कुणी विचारत आलं तर त्याला खोटं बोलायचं नाहीये. या एका सवयीवर तुमचे तीन-चार सेशन निघतील.

रेडमधला ह्युमॅनिटीचा, म्हणजे माणूसपण किती उरलंय ते मोजायचा, नियम उचलता आला तर उचला. एम्पथीच्या (दुसऱ्याचं मन कळण्याचा गुण) दसपट आकड्याने सुरुवात आणि शरीरात काही बसवलं की त्यातून वजा. हे वजा करायचं काम डॉक्टरच्या तोंडून झालं पाहिजे, बसवायच्या आधी. त्याने खुर्ची ओढून समोर बसून विचारावं, घरी कोण आहे तुझ्या?

प्रश्न: प्लेयर्सनी बाजारच लुटायचं ठरवलंय, अडवू का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: अजिबात नको, लुटू दे. फक्त जनरेटरवाला पहिल्या गोळीला दिवे घालवतो आणि अंधारात कुठला गाळा कुठे आहे ते विक्रेत्यांना पाठ असतं, प्लेयर्सना नाही. त्यातून सुटले तर माल त्यांचा. पुढच्या महिन्यात मात्र ट्रक या शहरात थांबत नाहीत, गोळ्या-औषधांचे भाव तिप्पट होतात, आणि हे कुणामुळे झालं ते सगळ्या गल्लीला माहीत असतं. मग त्यांच्यातलाच एक जखमी झाला की विचार, आता कुणाच्या नावावर जाणार?