असिंक्रोनस कॉलला मराठीत काय म्हणावं?

नांदेडहून एका ताईनं विचारलंय की प्रोजेक्ट रिपोर्ट मराठीत लिहायचाय, त्यात क्लायंट प्रोग्राममधून असिंक्रोनस रिमोट प्रोसिजर कॉल (म्हणजे दुसऱ्या मशीनवरचं, सर्व्हरवरचं, फंक्शन बोलावणं अन् उत्तराची वाट न बघणं) करतात तो भाग आहे, तर "असमकालिक दूरस्थ कार्यपद्धती आवाहन" असं लिहिलं तर चालंल का.

ताई, नका लिहू. जड आहे ते सोडा, पण अर्थच उलटा होतो ना. असमकालिक म्हणलं की वाचणाऱ्याला वाटतं दोन कामं वेगवेगळ्या काळात होतात, अन् इथं तर सर्व्हर तिकडं हिशोब करत असतो त्याच टायमाला क्लायंट इकडं दुसरं काम उरकत असतो, म्हणजे दोन्ही एकाच काळात चालू.

खरा मुद्दा थांबण्याचा आहे. रिमोट प्रोसिजर कॉलवर ब्रूस नेल्सन यांचा 1981 चा प्रबंध अन् मग 1984 मधे बिरेल यांच्यासोबतचा पेपर, त्यात कल्पना अशी की दूरच्या मशीनवरचं फंक्शन आपल्याच प्रोग्राममधलं असल्यासारखं बोलावता यावं. आता आपलं फंक्शन बोलावलं की उत्तर येईपर्यंत थ्रेड (प्रोग्राममधली एकामागून एक चालणारी कामाची ओळ) थांबतोच, म्हणून दूरच्या कॉललाही थांबणं आलं, अन् नेटवर्कवर ते थांबणं लई महाग पडतं. म्हणून सरळ लिहा, "क्लायंट न थांबता कॉल करतो". "न थांबणारा कॉल" पण नको, काहून की कॉल तोच असतो, थांबायचं का नाही हे क्लायंट ठरवतो. जीआरपीसी (असे दूरचे कॉल करायची तयार लायब्ररी) जावात वापरली तर एकाच सर्व्हिसचे स्टब, म्हणजे क्लायंटकडून कॉल पाठवणारा तयार कोड, ब्लॉकिंग स्टब, फ्यूचर स्टब अन् असिंक स्टब असे वेगळे मिळतात, पण कोणत्या स्टबनं कॉल आला ते सर्व्हरला कळतही नाही. कॉल, थ्रेड, स्टब हे शब्द तसेच राहू द्या, सगळ्यांना समजतात.

आता न थांबता कॉल केल्याबरोबर उत्तराऐवजी हातात जे येतं, ज्याला फ्यूचर नाहीतर प्रॉमिस म्हणतात (फ्यूचर 1977 चा, बेकर आणि ह्युइट यांचा, अन् प्रॉमिस दूरच्या कॉलसाठी लिस्कोव्ह आणि श्रीरा यांनी 1988 मधे मांडला), त्याला माझ्या मते "वायदा" लिहा. लातूरच्या आडतीत हा शब्द रोजचा आहे, माल आज हातात नाही पण अमुक तारखेला द्यायचं ठरलंय. सोयाबीनचे वायदे 2021 च्या डिसेंबरात सेबीनं थांबवले तेव्हा तर गावोगाव हा शब्द तोंडात होता. "भविष्य" लिहिलंत तर पंचांग आठवतं.

अन् डेडलाइनला, म्हणजे उत्तराची वाट कुठवर बघायची त्या वेळेला, "मुदत". ती रिपोर्टमधे नक्की घ्या, जीआरपीसीत आपण दिली नाही तर मुदत नसतेच, वायदा तसाच लटकून राहू शकतो. मुदत संपल्यावर जी एरर येते तिथं "मुदत टळली" एवढंच लिहा, "काम फसलं" लिहू नका, काहून की सर्व्हरनं काम पूर्ण केलेलं असू शकतं, फक्त उत्तर वेळेत पोचलेलं नसतं, अन् कॉल पेमेंटचा असंल अन् फसलं समजून परत केला तर तेच पेमेंट दोनदा जाऊ शकतं.