काळी पट्टी धर, पोरी

सलाम पोरी,

तू व्हॉट्सअॅपवर पाठवलेले आपल्या चर्चच्या बँडच्या गीतांचे चारही कागद बघितले, दोनदा बघितले, एकदा मोबाईलवर आणि मग नातवाकडून प्रिंट काढून चष्मा लावून, कारण मोबाईलवर मला शार्प आणि नॅचरल सारखेच दिसायला लागलेत. गुरुवारच्या प्रॅक्टिसला तुझा ट्रम्पेट आणि कीबोर्ड एकमेकांना खायला उठले, पाळकसाहेब मध्येच उठून बाहेर गेले आणि तू घरी जाऊन रडलीस, हे तुझ्या आईकडून कळलं. रडण्यासारखं काही नाहीये त्यात. तुझं लिहिलेलं बरोबर आहे. म्यूझस्कोर या नोटेशन लिहायच्या अॅपमधलं कॉन्सर्ट पिचचं बटण तू चालू ठेवून प्रिंट काढलीस, एवढंच झालंय. त्यामुळं सगळ्यांच्या हातात कीबोर्डचेच स्वर गेले, आणि ट्रम्पेट हे मुळात काळी पाचचं, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पाचव्या काळ्या बटणाचं वाद्य, तो कागदावरचा सी वाजवतो तेव्हा ऐकू येते बी फ्लॅट, म्हणजे एक अख्खा सूर खाली. आल्टो सॅक्सवाल्याचं तर विचारूच नको, त्याचा सी ही काळी दोन, तीही खालच्या सप्तकातली. बटण बंद कर, प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद, म्हणजे पार्ट, परत काढ, निम्मं भांडण तिथंच मिटेल.

उरलेलं निम्मं पट्टीचं, म्हणजे सा कुठल्या बटणावर धरायचा त्याचं आहे. तू गीतांच्या पुस्तकात आहे तशी पांढरी पाच धरलीस, कारण कीबोर्डवर ती सोपी पडते, एकच काळं बटण. पण त्याच पट्टीत ट्रम्पेटच्या कागदावर तीन शार्प, म्हणजे स्वर अर्धा चढवायच्या खुणा, येतात आणि आल्टो सॅक्सच्या कागदावर चार, आणि आपल्याकडं सॅक्स वाजवणारा तो भाऊ लगीनसराईत रात्री दोनपर्यंत वाजवून रविवारी सकाळी चर्चला येतो, त्याला चार शार्प लक्षात ठेवायला लावणं म्हणजे पाप आहे. पांढरी दोन तर अजून वाईट, तिथं चार आणि पाच. एक पट्टी खाली ये, पांढरी चार धर, ट्रम्पेटला एक शार्प, सॅक्सला दोन. काळी दोनमध्ये ट्रम्पेटला एक फ्लॅट, म्हणजे स्वर अर्धा उतरवायची खूण, आणि सॅक्सला काहीच नाही, काळी पाचमध्ये ट्रम्पेटला काहीच नाही आणि सॅक्सला एक शार्प. गंमत बघ, कीबोर्ड शिकलेली तुमची पिढी काळ्या पट्टीला घाबरते आणि बँडला नेमकी काळीच गोड लागते. तुझ्या कीबोर्डला ट्रान्सपोजचं बटण आहे ना, मग बोटं हवी तिथं ठेव, त्यांना त्रास देऊ नको.

आणि हो, आपल्या सात जणांत पाच रेघांवरचं स्टाफ नोटेशन वाचणारे तीन. बाकीचे कानावर वाजवतात, आणि चांगलं वाजवतात, त्यांना कमी समजू नको, वरातीत नवं गाणं दोन वेळा ऐकून तिसऱ्यांदा वाजवणारी माणसं आहेत ती. त्यांना सरगम लिहून दे. सरगमीत सगळ्यांचा सा एकच, फक्त प्रत्येकाला सांगायचं की तुझा सा कुठं. पांढरी चारचं गीत असेल तर ट्रम्पेटवाल्याला सांग तुझा सा जी वर, सॅक्सवाल्याला सांग डी वर, संपलं. युफोनियमवाल्याला, ते खालच्या सुराचं मोठं पितळी वाद्य, मात्र आधी विचार की तो कुठल्या क्लेफमध्ये, म्हणजे ओळीच्या सुरुवातीच्या कुठल्या खुणेनं, वाचतो. काही जण बेस क्लेफ वाचतात, तिथं लिहिलेलं तसंच वाजतं, आणि काही जण ट्रेबल, मग त्यांचं ट्रम्पेटसारखं, वर आणखी एक सप्तक खाली. मी एकदा न विचारता लिहिलं होतं.

आता खरं सांगायचं ते हे. तू पुस्तकातले सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस असे चारही आवाज उचललेस आणि चार वाद्यांना वाटून टाकलेस. कागदावर छान दिसतं. पण ते चार आवाज गाणाऱ्यांसाठी लिहिलेत, फुंकणाऱ्यांसाठी नाहीत. आल्टोची ओळ तू दुसऱ्या ट्रम्पेटला दिलीस, ती सारखी खालच्या डी-ई-एफवर घुटमळते, तिथं ट्रम्पेटचा आवाज बसका निघतो आणि खालचा डी तर तिसरी स्लाईड, म्हणजे सरकती नळी, बाहेर काढल्याशिवाय चढाच लागतो. तीच ओळ क्लॅरिनेटला दे. पण क्लॅरिनेटवरही ती खालीच राहते, दोन ट्रम्पेटांच्या खाली कोण ऐकणार तिला, म्हणून पहिल्या कडव्यांना तशीच मऊ ठेव आणि शेवटच्या कडव्याला उचलून एक सप्तक वर टाक. एकदम खिडकी उघडल्यासारखं होतं. चाल खाली ट्रम्पेटवर ठाम पाहिजे मात्र, नाहीतर मंडळी क्लॅरिनेटच्या मागं जाते आणि आल्टोच गायला लागते, मी ऐकलंय हे, सगळं चर्च एका सुरात आल्टो गात होतं.

ओल्ड हंड्रेडथ ही चाल घे, तू यादीत पहिली तीच टाकलीयेस. १५५१ च्या जिनिव्हाच्या स्तोत्रपुस्तकातली चाल, चार ओळी, प्रत्येक ओळीत आठ स्वर, एका अक्षराला एक. जिनिव्हाच्या चर्चमध्ये लोक ती सगळे मिळून एकाच सुरात गायचे, हार्मनी बिर्मनी काही नाही. म्हणून मी पहिलं कडवं सगळ्या वाद्यांना एकाच चालीवर ठेवतो, सप्तक वेगवेगळं, बस. त्यानं मंडळीला चाल सापडते आणि वाजवणाऱ्यांना एकमेकांचा सूर सापडतो. मग दुसऱ्या कडव्याला ट्रम्पेट पूर्ण गप्प. हे ऐक, कारण तुझ्या कागदात ट्रम्पेट पाचही कडवी वाजवतोय. पितळेच्या वाद्याला ओठ लागतात, आणि ओठ हे मांस आहे, ते बसतात. पाच कडवी सलग वाजवली की पाचव्याला तो वरचा स्वर फाटणार म्हणजे फाटणार, आणि या चालीत सगळ्यात वरचा स्वर येतो कुठं, तर शेवटच्या ओळीच्या अगदी पहिल्या अक्षरावर, तिसरी ओळ सा वर संपते आणि चौथी थेट प वर उडी मारते. तिथं दमलेला माणूस हमखास उशिरा येतो. तिसऱ्या ओळीनंतर श्वासाची खूण मोठी कर, लाल पेन्सिलनं. दुसरं कडवं क्लॅरिनेट आणि सॅक्सला दे, तिसरं युफोनियमला चाल देऊन बघ, बायकांचे आवाज वर आणि ती चाल खाली, अंगावर काटा येतो. मधलं एखादं कडवं नुसता कीबोर्ड आणि लोक. मग शेवटी सगळे.

चाल सुरू व्हायच्या आधी शेवटची ओळ वाजव, पहिली नको. आणि दोन कडव्यांच्या मध्ये दरवेळी तेवढ्याच मात्रा सोड, दोन तर दोन. आमच्या वेळी मास्तर कधी दोन सोडायचे, कधी तीन, आणि मागच्या बाकावरच्या आजी दर कडव्याला एकट्याच पुढं निघायच्या.

प्रत्येक पार्टखाली मराठी शब्द लिही, ट्रम्पेटच्यासुद्धा. विलायती चालीवर बसवलेल्या मराठी ओळीत बऱ्याचदा शब्द मध्येच तुटतो, चाल जिथं श्वास घ्यायला सांगते तिथं अर्थ अर्धवट असतो. गाणारा माणूस ते सांभाळून घेतो, पुढं ओढतो. वाजवणाऱ्याला शब्दच माहीत नसले तर तो बिनधास्त तिथं श्वास घेतो आणि मग मंडळी एका बाजूला, बँड दुसऱ्या.

आणि ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या भजनांना हात लावायच्या आधी थांब. तुझ्या चौथ्या कागदावर तू भजनाखाली प्रत्येक मात्रेला कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार स्वर, बदललीयेस, तो कागद मी पलटून ठेवलाय. रेव्हरंड टिळकांनी १९१७ साली आपल्या साताऱ्यातच देवाचा दरबार ही ख्रिस्तभक्तांची मंडळी सुरू केली, ख्रिस्ताची भक्ती आपल्या मातीतली असावी असा हट्ट होता त्यांचा, आणि ती भजनं टाळ-पेटीवर म्हणायची आहेत, त्यात स्वर एकाकडून दुसऱ्याकडं घसरत जातो. खाली कॉर्ड घातली की ती घसरण चुकल्यासारखी ऐकू येते. चाल एका क्लॅरिनेटला दे, एकट्याला, त्याला बोट हळू उचलून स्वर ओढता येतो, ट्रम्पेटच्या खटक्यांना ते जमत नाही. युफोनियम आणि टेनर सॅक्सनं नुसता सा आणि प धरायचा, आळीपाळीनं श्वास घेत, म्हणजे तंबोऱ्यासारखा तुटत नाही. ट्रम्पेट फक्त धृपदाला. साईड ड्रम अजिबात नको, तबला आहे ना आपल्याकडं. पट्टीचं म्हणशील तर काळी एक धर, भजनवाल्यांना सवयीची आहे आणि बँडलाही फार जड नाही.

झावळ्यांच्या रविवारी, पाम संडेला, मिरवणुकीसाठी तू तीन मात्रांचं गीत निवडलंयस. चालून बघ एकदा अंगणात. डावा पाय, उजवा पाय, आणि मग तिसऱ्या मात्रेला काय करणार. चार मात्रांचं घे, नाहीतर सहा-आठचं, त्यात तीन-तीनचे दोन गट पडतात, ते दोन पायांत बरोबर बसतं.

नाताळबद्दल एक ऐकून ठेव. डिसेंबरात पहाटे अजिंक्यताऱ्यावरून वारा सुटतो तेव्हा गेटवर उभं राहून मी बँड पेटीच्या सुराला लावला होता, थंडीनं पितळ उतरलेलं, म्हणून सगळ्यांच्या स्लाईड पार आत ढकलल्या, सूर जुळला, मी खूश. आत गेलो तर चर्च खच्चून भरलेलं, माणसांच्या उबेनं वाद्यं तापली आणि तिसऱ्या गीतापर्यंत सगळा बँड वर चढला, पेटी आपली तिथंच. चूक माझीच, आणि सगळे पेटीवाल्याकडं रागानं बघत होते. आत येऊन दहा मिनिटं बस, वाद्यांत नुसती गरम फुंकर मार, मग लाव. पेटीला लाव, ट्यूनरला नको, कारण आपली पेटी जुनी आहे, तिची पट्टी ट्यूनरला मान्य नाही.

अजून एक. लगीनसराईत कोणीतरी ऐनवेळी येणार नाही. वरातीची सुपारी आली की माणूस जातो, त्याच्या घरी चूल आहे, त्याच्यावर रागावू नको. म्हणून असं लिही की चाल, बेस आणि मधला एक, एवढे तिघे आले तरी गीत उभं राहिलं पाहिजे. क्लॅरिनेटच्या महत्त्वाच्या ओळी सॅक्सच्या कागदावर बारीक अक्षरात लिहून ठेव, तो नसला की हा घेतो.

आता नवे पार्ट काढलेस की मला पाठवू नको, आधी स्वतः प्रत्येक पार्ट गाऊन बघ, युफोनियमचासुद्धा. जी ओळ गाताना तुला कंटाळा येईल ती वाजवणाऱ्यालाही येणार. मग रविवारी उपासना झाल्यावर मागच्या खोलीत ये, मी चावी मागून ठेवतो, सॅक्सवाल्या भावालाही थांबायला सांगितलंय पण त्याला दोन वाजता वडूजला वरात आहे, तेव्हा त्याचा कागद पहिला काढू. तो भजनाचा चौथा कागदही आण, त्यात धृपदाला तू युफोनियमला जी उतरती ओळ दिलीयेस ना, ती मला हवीये, दुसरीकडं वापरू.

तुझा,
बँडवाला काका