'सॅटर्डे नाइट फीव्हर'ची गाणी सिनेमा बघून लिहिली होती का?

नाही, उलट झालं. १९७७ साली बी जीज हा बँड म्हणजे बॅरी, रॉबिन आणि मॉरिस हे गिब बंधू पॅरिसजवळच्या एका जुन्या वाड्यातल्या स्टुडिओत स्वतःच्या नव्या अल्बमवर काम करत होते. निर्माता रॉबर्ट स्टिगवुडने फोन करून सिनेमासाठी गाणी मागितली आणि हातात होती ती त्यांनी देऊन टाकली. सिनेमाचा हिरो जॉन ट्रॅव्होल्टाने तर सांगितलंय की सुरुवातीला तो सेटवर स्टीव्ही वंडरच्या गाण्यांवर नाचत होता!

मला सगळ्यात भारी वाटतो तो 'स्टेइंग अलाइव्ह'चा ठेका. घरच्या आजारपणामुळे ड्रमरला ऐनवेळी निघून जावं लागलं. मग 'नाइट फीव्हर' या दुसऱ्या गाण्यातल्या ड्रम्सचा छोटासा तुकडा कापून, टेपची दोन टोकं जोडून तीच पट्टी गोल गोल फिरवत ठेवली, यालाच 'लूप' म्हणतात. हेडफोन लावून ऐका, ड्रम्स शेवटपर्यंत जरासुद्धा हलत नाहीत. रंगाचा डबा हातात घेऊन ब्रुकलिनच्या फुटपाथवरून ऐटीत चालणारा तो हिरो याच ठेक्यावर चालतो. अल्बमवर ड्रमर म्हणून 'बर्नार्ड लूप' असं नाव टाकलं, म्हणजे शुद्ध थट्टा.

हा डबल अल्बम १९७८ मध्ये अमेरिकेत सलग २४ आठवडे पहिल्या नंबरवर होता, पुढे ग्रॅमीही मिळाला. ऑस्करला मात्र यातल्या एकाही गाण्याला साधं नामांकन नाही. आता बोला.