अमेरिकेत दोघांनी कायमचं मोटरहोममध्ये राहायचं तर क्लास ए, बी की सी घ्यावी?

दोघंच असाल तर क्लास सी (ट्रक किंवा व्हॅनच्या केबिनमागे घर बांधलेली; ए म्हणजे बससारखी मोठी, बी म्हणजे व्हॅनच्या आतच घर) घ्या, २५ ते २८ फुटांची, आणि लेआउटच्या आधी दाराजवळचं पिवळं स्टिकर वाचा. मी आरव्ही, म्हणजे मोटरहोमसारख्या राहत्या गाड्यांच्या रिपेअरमध्ये काम करतो आणि पूर्णवेळ राहणाऱ्यांच्या गाड्यांत सगळ्यात जास्त दिसणारी अडचण म्हणजे ओव्हरलोड. स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं, त्यात तुम्ही दोघं, भांडीकुंडी, कपडे, अवजारं आणि टाकीतलं पाणीसुद्धा धरायचं, पाणी गॅलनला ८.३ पाउंड म्हणजे ५० गॅलनची टाकी भरली की ४१५ पाउंड तिथेच गेले! मागे छोटी कार ओढणार असाल तर हिचवर (मागच्या जोडणीच्या हुकावर) येणारा भारही त्यातच. शोरूममध्ये सोफा आणि टीव्ही बघून लोक भाळतात, हा आकडा कोणी विचारत नाही, याचं खरंच वाईट वाटतं.

बाकी बघायचं ते:
- टाक्या बंदिस्त आणि गरम राहणाऱ्या हव्यात, नाहीतर थंडीत पाणी गोठतं
- स्लाइड-आउट (गाडी उभी असताना बाहेर सरकवून जागा वाढवणारा भाग) बंद असतानाही बेड आणि टॉयलेटपर्यंत जाता आलं पाहिजे
- छताच्या कडा आणि कोपरे दाबून बघा, मऊ लागले तर पाणी मुरलंय, ती गाडी सोडा

फक्त एक, मुक्काम मुख्यतः नॅशनल पार्कच्या जुन्या कॅम्पग्राउंडमध्ये असेल तर याहून लहान बघा, तिथे बऱ्याच जागांना लांबीची मर्यादा असते.